घर मोठं, पेन्शन छोटी, आणि घरपट्टी दणकून वाढली! मागायचं तरी काय?

पत्र (थोडं कापून): ताई, मी ७१ वर्षांची आहे, हे गेल्यापासून मोठ्या घरात एकटीच राहते. घर घेतलं तेव्हा तो भाग गावाबाहेर होता, कोणी फिरकत नव्हतं, आता ऐन मोक्याच्या जागी आलाय. यंदा पालिकेनं कित्येक वर्षांनी नवं व्हॅल्युएशन केलं आणि माझी घरपट्टी एकदम वर गेली, पेन्शन मात्र आहे तेवढीच. शेजारी चार कमावती माणसं भाड्यानं राहतात, कचरा त्यांचा जास्त, पाणी त्यांचं जास्त, गाड्या त्यांच्या जास्त आणि कर माझ्यावर! मुलगा म्हणतो डोकी मोजून सगळ्यांना सारखा कर लावा. सून म्हणते इन्कमवर लावा. माझा भाऊ म्हणतो जुन्या मालकांची घरपट्टी आहे तिथेच गोठवा. पुढच्या महिन्यात पालिकेत सुनावणी आहे आणि आमच्या भागातल्या लोकांनी बोलायला मलाच पुढे केलंय. न्याय्य काय आहे आणि मी नक्की काय मागू?
– एकटी घरमालकीण

उत्तर:

काकू, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सोडवू. एक म्हणजे बिल भरायला हातात पैसे नाहीत, आणि दुसरी म्हणजे घरावर कर लावायची पद्धतच अन्यायाची आहे. पहिली शंभर टक्के खरी आहे. दुसरीबद्दल मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे, पण रागावू नका, कारण सुनावणीत समोरचा अधिकारी हेच बोलणार आहे आणि ते आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं.

व्हॅल्युएशन वाढलं म्हणून बिल वाढलं असं आपण सरसकट म्हणतो, पण ते तसं आपोआप होत नसतं (निदान व्हायला नको). समजा एका गावात १० घरं आहेत, सगळी सारख्याच किमतीची, आणि पालिकेला वर्षाला १०० गोळा करायचेत, म्हणजे प्रत्येकाला १० आले. आता दहाही घरांची किंमत दुप्पट झाली आणि पालिकेचा खर्च १०० च राहिला, तर बिल किती? १० च! रेट अर्धा करायचा, विषय संपला. पण नऊ घरं आहेत तिथेच राहिली आणि एकाच घराची किंमत दुप्पट झाली तर मात्र त्या नऊ जणांना साधारण ९ येतात आणि त्या एकाला १८. ते एक घर तुमचं आहे काकू. आणि ज्या वर्षांत किंमत वर गेली होती पण कागदावर जुनाच आकडा होता, त्या सगळ्या वर्षांत तुमच्या वाटणीचं थोडं थोडं ते नऊ जण भरत होते, ज्यांच्या घरांना तुमच्यासारखा भाव कधी आलाच नाही. त्यांना ते माहीतही नव्हतं, त्यामुळे कोणी तुमच्या दारात भांडायला आलं नाही, एवढंच.

आता यात एक मेख आहे आणि ती तुम्ही सुनावणीत धरायची. काही ठिकाणी रेट कायद्यानं फिक्स असतो, किंवा फिक्स नसला तरी कोणी खाली आणत नाही, मग नवं व्हॅल्युएशन झालं की सगळ्यांचीच बिलं फुगतात आणि कुठलाही ठराव न करता, कोणाला तोंड न देता पालिकेला जास्तीचे पैसे मिळतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की एकूण व्हॅल्युएशन इतकं वाढलं तर रेट किती उतरवला? उत्तर 'उतरवला नाही' असं आलं तर ती करवाढ आहे, मग तिला करवाढ म्हणा आणि ती कशासाठी हवी होती ते सांगा म्हणावं. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

आता घरातल्या तिघांकडे येऊ.

मुलाचं म्हणणं वरवर ऐकायला एकदम सरळ वाटतं, सगळे सारखीच सेवा घेतात तर सगळ्यांनी सारखाच कर द्यावा. हे करून बघितलेलं आहे. ब्रिटनमधे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं जुनी घरपट्टी काढून प्रत्येक प्रौढ माणसावर कर लावला, स्कॉटलंडमधे १९८९ ला आणि इंग्लंड-वेल्समधे १९९० ला. कागदावरचं नाव कम्युनिटी चार्ज, पण लोक त्याला पोल टॅक्सच म्हणायचे. आणि गंमत म्हणजे तो आणताना एक युक्तिवाद तुमच्याच तक्रारीचा होता, की मोठ्या घरात एकटी राहणारी म्हातारी बाई भरते आणि शेजारच्या घरात चार कमावते असून तेवढंच भरतात, हे कसं चालेल! झालं काय, तर बंगल्यात राहणाऱ्या लक्षाधीशाला आणि त्याच्या माळ्याला एकाच पालिकेत एकच आकडा आला. गरिबांना सूट होती, पण विद्यार्थी आणि बेकार लोकांनाही २० टक्के भरावेच लागायचे. आणि माणूस हलतो, घर हलत नाही. भाड्याची खोली बदलली की माणूस यादीतून गायब, म्हणजे वसूल करणाऱ्यांनी कोणाकोणाच्या मागे धावायचं? कर चुकवायचा म्हणून लोकांनी मतदार यादीतूनसुद्धा नावं बाहेर ठेवली. ३१ मार्च १९९० ला लंडनमधे ट्रॅफल्गर चौकात मोठी दंगल झाली, नोव्हेंबरमधे थॅचरबाईंचं पंतप्रधानपद गेलं (एवढ्या एकाच कारणानं नाही, पण हे मोठं कारण होतं), आणि १९९३ ला तो कर पूर्ण काढून टाकला. मधल्या काळात बिलं कमी करायला पैसा कुठून आणला माहितीये? १९९१ ला देशभराचा व्हॅट १५ वरून १७.५ टक्के केला. म्हणजे शेवटी सगळ्यांनीच भरलं, फक्त खरेदीच्या पावतीवर भरलं.

तरी मुलाच्या बोलण्यातला एक तुकडा बरोबर आहे आणि तो टाकून देऊ नका. जे मोजता येतं ते वापरावर घ्यावं. पाण्याला मीटर लावा, कचऱ्याचे पैसे पोत्यावर घ्या, शेजारचे चौघं त्यांचं जास्तीचं आपोआप भरतील. पण रस्त्यावरचे दिवे, पावसाळी गटारं, अग्निशमन दल, साथीच्या आजाराची फवारणी, यात कोणी किती 'वापरलं' हे कसं मोजणार? तुमच्या घराला कधीच आग लागली नाही म्हणून बंब तुमच्यासाठी नव्हता असं थोडंच आहे. आणि रस्ता झाला, दिवे आले, शाळा आली, गटारं झाली, म्हणूनच तर गावाबाहेरची जागा मोक्याची झाली! ती किंमत तुम्ही भिंतींना रंग दिल्यामुळे वाढलेली नाही, ती बरीचशी पालिकेच्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या जिवावर वाढलीये.

सूनबाईंचं म्हणणं ऐपतीचं आहे आणि तत्त्व म्हणून मला ते आवडतं. ज्याला जास्त येतं त्यानं जास्त द्यावं, आणि पेन्शन कमी तर कर कमी, तुमचा प्रश्न एका फटक्यात मिटला. स्वीडनमधे असंच चालतं, तिथे नगरपालिका आणि प्रादेशिक सरकार मिळून इन्कमवर सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास कर घेतात, आणि देशाचा म्हणून वेगळा इन्कम टॅक्स बहुतेकांना पगारावर लागतच नाही, तो फक्त ठरावीक आकड्याच्या वरच्यांना. शाळा, वृद्धांची देखभाल, सगळं त्यातून. पण तिथे बहुतेक सगळ्यांचं उत्पन्न सरकारला माहीत असतं. जिथे अर्धा बाजार रोखीत चालतो तिथे पगारदार माणूस बरोब्बर सापडतो आणि ज्याच्याकडे खरा पैसा आहे तो 'तोटा' दाखवून बसतो, मग न्याय कुठे राहिला? दुसरं म्हणजे लोक राहतात एका हद्दीत आणि कामाला जातात दुसऱ्या हद्दीत, कर राहत्या जागी जातो आणि रस्ते झिजतात कामाच्या ठिकाणचे. तिसरं, हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही, जे घर नुसतं कुलूप लावून ठेवलंय, भाव वाढायची वाट बघत, त्याच्या मालकाचं तिथे इन्कमच नाही, म्हणजे तो शून्य भरणार आणि शेजारी भाड्यानं राहणारी नर्स भरणार. तेव्हा घरपट्टी पूर्ण काढून फक्त इन्कमवर जा, हे मी तरी मागणार नाही.

भावाचा उपाय सगळ्यात गोड आहे आणि म्हणूनच मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. कॅलिफोर्नियामधे जून १९७८ मधे लोकांनी मतदान करून हेच पास केलं, प्रपोझिशन १३. कर घराच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, आणि ती कागदावरची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार, मग बाजारात ती कितीही उडो. घर विकलं की मात्र नव्या मालकाला विकत घेतलेल्या किमतीवर कर. तेव्हा किमती धावत होत्या, म्हातारी माणसं घाबरली होती, अगदी तुमच्यासारखीच, ते खोटं नव्हतं. पण पुढे काय झालं ते बघा. लॉस एंजेलिसमधल्या एका बाईंनी १९८८ मधे साधंच घर घेतलं आणि त्यांना कळलं की बाजूच्या तशाच घरांत जुने मालक जे भरतात त्याच्या जवळजवळ पाचपट त्या भरतायत. रस्ता तोच, दिवे तेच, कचऱ्याची गाडी तीच. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९९२ मधे ८ विरुद्ध १ नं हरल्या, कोर्ट म्हणालं की ही पद्धत घटनेत बसते. बसत असेल, पण न्याय्य आहे का, ते तुम्हीच सांगा! त्यात १९८६ पासून मुलांना ती जुनी कमी किंमत आईवडिलांकडून वारशानं घेता यायची, म्हणजे सवलत आजीबाईंसाठी आणली आणि ती जाऊन बसली अशा मुलांकडे जी त्या घरात राहतसुद्धा नव्हती, घर भाड्यानं लावून भाडं मात्र बाजारभावानं घेत होती. ते २०२० मधे आणखी एका मतदानानं बरंच आवळलं. गोठवलेली घरपट्टी गरिबाला मिळत नाही काकू, ती आधी आलेल्याला मिळते. तरुण जोडपं, बदली होऊन आलेला माणूस, नवीन येणारे सगळे त्याची भरपाई करत बसतात, आणि सुनावणीत त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं कारण त्यातले बरेचसे अजून तिथे राहायला आलेलेच नसतात.

गोठवायला मतदानच लागतं असं नाही, नुसतं काही न करता बसलं तरी होतं. इंग्लंडमधे पोल टॅक्सच्या जागी जो काउन्सिल टॅक्स आला तो एप्रिल १९९१ च्या किमतींवर आहे, आजही! घराच्या किमतीप्रमाणे ए ते एच असे पट्टे आहेत, सगळ्यात खालचा ४० हजार पौंडांपर्यंत, सगळ्यात वरचा ३ लाख २० हजारांच्या पुढे, म्हणजे किमतीत निदान आठपट फरक, पण वरच्यानं भरायचं खालच्याच्या फक्त तिप्पट. त्या पट्ट्याच्या वर मग राजवाडा असला तरी तेवढंच. वेल्सनं धाडस करून २००५ ला २००३ च्या किमती लावल्या, वर एक नवा पट्टाही जोडला, त्यावर आरडाओरडा झाला, आणि इंग्लंडनं ते बघून स्वतःचं रिव्हॅल्युएशन पुढे ढकललं ते ढकललंच. तुमच्या पालिकेनंही कित्येक वर्षं व्हॅल्युएशन केलं नाही म्हणता ना, तोच हा रोग. दर दोन-तीन वर्षांनी केलं असतं तर बिल पायरी पायरीनं चढलं असतं, एकदम छातीवर आलं नसतं.

आणखी दोन पर्याय सुनावणीत कोणी ना कोणी काढेलच, म्हणून घाईघाईत सांगते. एक, माल गावात येताना किंवा विकताना कर घ्यायचा. जकात हा त्याचाच प्रकार, मुंबईत जीएसटी आल्यावर जुलै २०१७ ला ती गेली. पालिकेला रोजचा रोख पैसा मिळतो म्हणून पालिकांना हा प्रकार फार आवडतो, पण गरिबाचा सगळा पगार खरेदीतच जातो त्यामुळे त्याच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा जातो, आणि नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी वेगळीच. दोन, बांधकाम सोडून फक्त जमिनीवर कर. एस्टोनियानं १९९३ पासून जमिनीवरच कर ठेवलाय, अमेरिकेत पिट्सबर्गनं १९१३ पासून २००१ पर्यंत जमिनीवर बांधकामापेक्षा जास्त रेट ठेवला होता. डोकं लावून केलेली गोष्ट आहे, कारण जमीन लपवता येत नाही, उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि मजला चढवला म्हणून शिक्षा होत नाही. मला मनापासून पटतं. पण तुमच्यासारख्या जुनं घर, मोठी जागा, मोक्याचा भाग असलेल्या माणसाचं बिल यात आणखीच वाढेल, तेव्हा कोणी टाळ्या वाजवत ही कल्पना मांडली तर आधी आपला हिशोब करून मग मान हलवा.

शेजारच्या चौघांबद्दल एक. ते कर भरत नाहीत हे तितकंसं खरं नाही. घरमालक घरपट्टी भाड्यात धरतो, सगळी नाही तरी बरीचशी, आणि काही देशांत तर (ब्रिटन घ्या) ती राहणाऱ्यालाच थेट भरावी लागते. त्यांच्या हातात बिल येत नाही म्हणून ते सुनावणीला येत नाहीत, तेवढाच फरक. त्यांच्या नावानं बोलू नका, उलट जमलं तर त्यांनाच सोबत न्या.

आणि एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही पण माझ्या डोक्यातून जात नाही. आपण सगळे एका गावातल्या दोन शेजाऱ्यांमधला न्याय बघतो, दोन गावांमधला बघतच नाही. अमेरिकेत टेक्सासमधे सॅन अँटोनिओ परिसरातले दोन शाळा-जिल्हे (म्हणजे आपापल्या शाळांसाठी स्वतःची घरपट्टी घेणारे भाग) होते, एजवूड आणि अलामो हाइट्स. गरीब एजवूडमधे घरपट्टीचा रेट जास्त, दर १०० डॉलर किमतीवर १.०५ डॉलर, आणि तरी एका मुलामागे गोळा व्हायचे २६ डॉलर. श्रीमंत अलामो हाइट्समधे रेट ०.८५ आणि मुलामागे ३३३ डॉलर! हे १९६७-६८ चे आकडे, एजवूडच्या पालकांनी केलेला खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७३ मधे ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला, पालक हरले. गरीब लोक जास्त टक्के देऊनही त्यांच्या पोरांना कमी मिळायचं. म्हणजे कर कशावरही लावा, वरच्या सरकारनं श्रीमंत भागातून गरीब भागात पैसा फिरवला नाही तर 'लोकल कर, लोकल खर्च' ही घोषणा ज्यांच्या गल्लीत महाग घरं आहेत त्यांच्याच सोयीची ठरते. स्वीडनमधे इन्कमवर कर असूनही असं फिरवावं लागतंच.

तर आता तुमचं. तुमच्याकडे संपत्ती आहे, रोख नाही. यासाठी कर माफ करायची गरज नाही, तो भरायची वेळ बदलायची गरज आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधे ५५ च्या पुढचे घरमालक राहत्या घराची घरपट्टी पुढे ढकलू शकतात, प्रांत सरकार ती पालिकेला भरतं, घरावर बोजा नोंदवतं, व्याज लावतं, आणि घर विकलं किंवा वारसांकडे गेलं की वसूल करतं. आयर्लंडमधे २०१३ ला घरपट्टी आली तेव्हापासून कमी उत्पन्नवाल्यांना अशी सोय आहे. पालिकेचा पैसा बुडत नाही, नवीन आलेल्यावर भार पडत नाही, आणि तुम्हाला घर सोडावं लागत नाही. दुसरा मार्ग, घरपट्टी उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त झाली तर वरचा थोडा भाग परत द्यायचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं हे १९६४ मधे सुरू केलं. तो भाड्यानं राहणाऱ्यांनाही देता येतो, भाड्यातला कराचा अंश धरून, आणि म्हणून शेजारचे चौघं (किंवा त्यांच्यातला जो कमी कमावतो तो) तुमच्या बाजूनं उभे राहू शकतात.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, या पुढे ढकलण्याला सगळ्यात जास्त विरोध पालिकेचा नसतो, वारसांचा असतो. थकलेली घरपट्टी शेवटी घराच्या किमतीतून वजा होणार, आणि ते घर पुढे कोणाकडे जाणार आहे काकू? डोकी मोजून कर लावा म्हणणारा तुमचा मुलगा चांगलाच असेल, माझा त्याच्यावर काही आरोप नाही, पण त्याच्या योजनेत तुमचं बिल कमी होतं आणि त्याला घर पूर्ण मिळतं, ही गोष्ट त्यानं बोलून दाखवली नसली तरी खरी आहे. सुनावणीच्या आधी घरात बसून हे स्पष्ट बोला. तो 'आई, ढकल तू पुढे, मी काही म्हणणार नाही' म्हणाला तर प्रश्नच मिटला. नाही म्हणाला तर मग आत्ताचं वाढीव बिल त्यानं भरावं, घर त्यालाच मिळणार आहे ना!

सुनावणीत लांब भाषण करू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मागण्या चार: नव्या व्हॅल्युएशनच्या प्रमाणात रेट उतरवल्याचा हिशोब जाहीर करा, यंदाची वाढ तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं लावा, यापुढे व्हॅल्युएशन ठरलेल्या मुदतीत कराच, आणि ज्येष्ठ व कमी उत्पन्नाच्या मालकांना राहत्या घरापुरती घरपट्टी पुढे ढकलायची सोय द्या. ज्येष्ठ म्हणजे सगळेच असं लिहू नका, चार फ्लॅट असलेले साठीचे गृहस्थ पहिल्या रांगेत येऊन बसतील. आणि चौथी मागणी मान्य झालीच, तर सही करण्याआधी व्याज किती, ते सरळ की चक्रवाढ, आणि दर पुढे बदलू शकतो का, हे लेखी घ्या. तुमचं वय ७१ आहे, तुम्ही अजून वीस वर्षं त्या घरात आरामात राहाल, आणि चक्रवाढीनं वीस वर्षांत तो आकडा कुठच्या कुठे जातो.